हळदीचं बोट

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. ती शेवटचे आठ दिवस अंथरुणावर होती, मी उशाशी बसून होतो, वेळ भरपूर होता. बोललो ते पेन्शनच्या कागदांबद्दल, गावच्या आंब्याबद्दल. हे नाही. आता तुम्हांला का सांगतोय? मलाही नीट ठाऊक नाही. लिहायला बसलोय एवढं खरं.

मी चौथी शिकलेलो माणूस. पोलादपूरकडचा. अक्षर बरं आहे, इंग्रजी आकडे वाचता येतात, इंग्रजी शब्द नाही. एवढ्यावर मी एकवीस वर्षं लॅबमध्ये काढली. लॅब म्हणजे रक्त-लघवी तपासायची. आधी मुंबईत बाटल्या धुवायला होतो, मग भाईंदर पूर्वेला एका डॉक्टरसाहेबांनी स्वतःची लॅब टाकली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. खारीगावात मला चाळीतली खोलीही त्यांनीच बघून दिली. कागदावर मी शिपाई. पण रक्त काढायला लोक माझंच नाव घ्यायचे. बायका पोरांना घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, काका असतील तर बसतो, नाहीतर उद्या येतो. हे मी फुशारकीने सांगतोय असं वाटेल. फुशारकीच आहे. ती तुम्हांला आधी कळायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दोन हजार सालानंतर थायरॉईडच्या टेस्टचं पेव फुटलं. बाई दमते — थायरॉईड करा. जाड झाली — थायरॉईड करा. आधी आम्ही ही रक्तं अंधेरीला पाठवायचो. मग साहेबांनी एक रीडर मशीन घेतलं आणि किट मागवायला लागले. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून किट यायचं. ते फ्रीजमध्ये ठेवायचं, लाइट गेली की फ्रीज उघडायचा नाही, ही जबाबदारी माझी.

किटमध्ये काय असतं? बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या वाट्या, आठ-आठच्या पट्टीत. पट्ट्या एका चौकटीत बसवायच्या. एकेका वाटीत एकेका पेशंटच्या रक्ताचं वरचं पाणी — सिरम — अगदी मोजून टाकायचं. त्यावर किटमधलं औषध. तासभर थांबायचं. मग धुवायचं, पाच वेळा, आणि चौकट उलटी करून टिपकागदावर आपटायची. मग दुसरं औषध, की वाट्या निळ्या होतात. शेवटी ॲसिड, की निळ्याचं पिवळं. रीडर ते पिवळं मोजतो आणि आकडा देतो. टीएसएच नावाचं हार्मोन असतं, गळ्यातल्या ग्रंथीला कामाला लावणारं. ग्रंथी मंदावली की ते वाढतं. जितकं पिवळं गडद तितका आकडा मोठा. पाचच्या आत असला तर माणूस ठीक. मला एवढं कळत होतं, आणि एवढं पुरत होतं.

धुण्याचं काम माझ्यासारखं कुणाला जमायचं नाही. शिर्के मॅडम डिप्लोमा केलेल्या, आमच्या टेक्निशियन, माझ्या मुलीपेक्षाही लहान — त्या धुवायच्या तेव्हा वाट्यांत थेंब राहायचा. माझ्या हातून नाही राहायचा. साहेब एकदा त्यांच्यासमोरच म्हणाले होते, "प्लेट काकांना द्या." मॅडमना लागलं असणार. मला ते गोड लागलं. ते काय लपवायचं?

रजिस्टरला एक रकाना होता, रिपीट. रक्त गोठलं, कमी आलं, रिपोर्ट विचित्र आला, तर पेशंटला परत बोलावून रक्त घ्यायचं आणि त्या रकान्यात कारण लिहायचं, शेजारी कुणी काढलं त्याचं नाव. रकाना मॅडम सांभाळायच्या. माझ्या नावापुढे त्या रकान्यात कधी काही नव्हतं. एकदाही नाही. वर्ष संपलं की मी तो रकाना वरपासून खालपर्यंत बघायचो.

आता दसरा.

आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. सुताराचा रंधा, रिक्षावाल्याची रिक्षा, तसं माझं काय? रक्त फिरवायचं मशीन, फ्रीज, रीडर. मी पहिल्यापासून दसऱ्याला सगळ्यांना हळदकुंकवाची बोटं लावायचो, झेंडूची माळ घालायचो. एका वर्षी रीडरच्या झाकणाच्या फटीत हळद गेली. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला, त्याने कापसाने पुसून मॅडमना दाखवलं. त्यानंतर मॅडमनी मला बजावलं.

"काका, मशीनला लांबून नमस्कार करा. हळद नको."

"मॅडम, तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून मी काचा धुतोय."

"धुताय ना, मग ही पण धुवायला लागते बघा. तुमची पूजा झाली की माझा रीडर आठवडाभर नवरीसारखा नटून बसतो."

साहेब हसले. मीही हसलो. पण मनात धरून ठेवलं. पुढच्या दसऱ्याला मॅडम रजा घेऊन चिपळूणला माहेरी गेल्या होत्या. साहेब म्हणाले, रिपोर्ट लोकांना कबूल केलेत, बॅच लावून ठेवा, मी संध्याकाळी येऊन सह्या करतो. म्हणजे लॅबमध्ये मी एकटा. आधी मी काय केलं असेल?

पितळेच्या वाटीत हळद कालवली. फ्रीजला लावली, फिरवायच्या मशीनला लावली, रीडरलाही लावली. दोन-दोन बोटं, ठसठशीत. कुणासाठी लावत होतो? देवासाठी म्हणवत नाही. मॅडम परत येतील तेव्हा दिसावी म्हणून लावत होतो.

मग बॅच. नावं रजिस्टरला होती तेवढ्या पट्ट्या चौकटीत बसवल्या. हे सगळं हात धुऊन, नीट. मग आठवलं — मंगलचं रक्त राहिलं.

मंगल माझी शेजारीण. भिंतीला भिंत. माणगावकडची, नवरा चंद्रकांत रिक्षा चालवायचा. ती घरी बसून खोट्या दागिन्यांना खडे लावायचं काम करायची. मालाडचा एक शेठ साचे पाठवायचा, ती चिमट्याने एकेक खडा उचलून खाचेत बसवायची. मोहरीएवढा खडा. चाळीतल्या दहा बायका ते काम करायच्या, पण नथीचं काम शेठ फक्त मंगलकडे द्यायचा. तिचा हात हलायचाच नाही. त्या दिवसांत तिला थकवा यायला लागला होता. डॉक्टरने थायरॉईडची चिठ्ठी दिली. ती दुसरीकडे निघाली होती, मीच म्हटलं, "माझी लॅब असताना तू कुठे चाललीस? मी स्वतः करतो." आदल्या दिवशी घरीच जाऊन तिचं रक्त काढून आणलं होतं. रजिस्टरला नाव चढवायचं राहून गेलं होतं.

चौकट भरलेली. तिच्या एकटीसाठी नवी पट्टी फोडली. साहेब असते तर म्हणाले असते, उद्याच्या बॅचला घ्या. पण शब्द दिलेला. पट्टी जरा घट्ट बसत होती, म्हणून चौकट उचलून खालून अंगठ्याने दाबून सरळ केली. मधल्या वेळात मी रीडरची माळ सारखी केली होती. माळ सारखी करताना बोट कुठे लागलं, अंगठा कुठे लागला, ते कोण बघतं? मी बघायला हवं होतं. किटच्या कागदावर लिहिलेलं असतं म्हणे, वाटीचा तळ पुसून मगच मशीनमध्ये घाला. मॅडम पुसायच्या. मला ती त्यांची सोवळेगिरी वाटायची. आणि प्रत्येकाच्या दोन-दोन वाट्या भराव्यात असंही लिहिलेलं असतं, म्हणजे एक चुकली तर दुसरी सांगते. आम्ही एकच भरायचो. किट महाग.

मंगलचा आकडा चौदा आला.

संध्याकाळी साहेबांनी सह्या केल्या. एवढ्या सगळ्यांत एकच मोठा आकडा, म्हणून त्यांनी विचारलंसुद्धा, "ही कोण? त्रास आहे का काही?" मी म्हटलं, "माझी शेजारीण आहे साहेब. दमते फार." त्यांनी मान हलवली. जुळत होतं की. सही झाली. मी जाताना पाकीट मंगलच्या हातात दिलं, वर सोनं म्हणून आपट्याची दोन पानं ठेवली.

दुसऱ्या दिवशी वापरलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकताना माझ्या हातात तिची पट्टी आली. एकच वाटी भरलेली, म्हणून वेगळी ओळखू आली. उलटी झाली. पहिल्या वाटीच्या तळाला बाहेरून डाग होता. अर्धा तळ. अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या.

रीडर पिवळं मोजतो. हळद पिवळी. हे कळायला चौथीच्या वरचं शिक्षण लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाच्या हातून होते. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. मंगलचं उरलेलं सिरम फ्रीजमध्ये होतं, आम्ही आठवडाभर ठेवायचो. मॅडम अजून चिपळूणलाच होत्या. दोन दिवसांनी पुढची बॅच लागली, तीही मीच लावली. त्यात एका वाटीत मी मंगलचं सिरम टाकलं. नाव लिहिलं नाही, नंबर दिला नाही. तळ पुसला. दोनदा पुसला.

आकडा आला तीनच्या आसपास. ती ठणठणीत होती.

म्हणजे मला शंका होती असं नाही. मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले — मला माहीत होतं. मशीनमधून निघालेली आकड्यांची पट्टी मी फाडली, तिचा तेवढा तुकडा वेगळा केला आणि चघळून थुंकला. उरलेलं सिरम बेसिनमध्ये ओतलं, वरून नळ सोडला.

सांगायला काय लागलं असतं? हळदीचं नाव काढायचीही गरज नव्हती. "रक्त जरा खराब झालं मंगल, परत देतेस का" — असं आम्ही दिवसातून दोघातिघांना सांगायचो. पण मग रिपीटच्या रकान्यात माझं नाव चढलं असतं. मॅडमनी कारण विचारलं असतं. रीडरवरची हळद त्यांनी बघितलीच असती, त्यांना दोन आणि दोन जोडता येत होतं. मग त्या काही बोलल्या नसत्या, नुसतं माझ्याकडे बघितलं असतं. मला ते बघणं नको होतं. एवढंच. ह्याच्यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

मंगलला गोळी सुरू झाली. सकाळी उपाशीपोटी एक. मेडिकलवाल्याने तिला समजावलं, "बेन, ये गोली जिंदगीभर की है, बंद मत करना." तिने ते देवाच्या शब्दासारखं धरलं. दोन महिन्यांनी परत टेस्ट केली, ह्या वेळी मॅडमनी लावली, आकडा व्यवस्थित आला. डॉक्टर म्हणाले, गोळी लागू पडली. न लागणारी गोळी लागू पडली हे कसं ओळखायचं? ज्याला ओळखता येत होतं तो एकच माणूस होता आणि तो तिच्या भिंतीपलीकडे जेवत होता.

पहिलं वर्षभर तिला बरंच वाटलं. चाळीत मला नाना म्हणतात. माझ्या बायकोला सांगायची, "नानांनी वेळेवर पकडलं बाई." त्यानंतर ती टेस्ट करायला गेलीच नाही. बरं वाटतंय तर कशाला? गोळी मात्र चालू. मग ती वाळायला लागली. छातीत धडधडतं म्हणायची. झोप येत नाही म्हणायची. चाळीतल्या बायका म्हणाल्या, वय आहे, पाळी जायचे दिवस, असं होतं. मीही ते ऐकून मान डोलावली.

मग हात. हे मी स्वतः बघितलं. ती दारात उजेडाला बसून नथीचं काम करत होती आणि चिमट्यातला खडा खाचेशी नेऊन मागे आणत होती. परत नेत होती. खडा सांडला. ती शोधत नव्हती, नुसती हाताकडे बघत होती. मला बघून हसली.

"नाना, हाताला काय झालंय बघा ना. मेल्याला थांब म्हटलं तर थांबतच नाही."

मी तिचा हात बघितला. बारीक थरथर, पसरलेल्या बोटांना जास्त. मी एकवीस वर्षं लॅबमध्ये काढलेला माणूस, थायरॉईडच्या गोळीचा डोस जास्त झाला की हात असे थरथरतात हे मी साहेबांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. मी म्हटलं, "अशक्तपणा असेल. खजूर खा."

शेठने नथी आधी दुसरीकडे दिल्या. मग साधी कानातली दिली. मग साचे यायचेच बंद झाले. मंगलने त्यावर कधी कुरकूर केली नाही. तिने तो चिमटा धुऊन, पुसून कपाटात ठेवला आणि एका सोसायटीत पोळ्या लाटायला जायला लागली. पोळीला हात हलला तरी चालतो, म्हणाली.

मी तोवर निवृत्त झालो होतो. साहेबांनी नवं मोठं मशीन आणलं, त्यात बाटली ठेवली की सगळं तेच करतं, धुणंसुद्धा. माझी गरज संपली. निरोपाला शिर्के मॅडमनी मला शाल दिली आणि रजिस्टर उघडून सगळ्यांना दाखवलं. म्हणाल्या, काकांच्या नावावर एक रिपीट नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत होतो, त्यांना तो विनय वाटला.

आणखी एक राहिलं. ह्याच्यासाठीच खरं तर लिहायला घेतलं, बाकी सगळं इथवर यायला.

मंगलला एका मोठ्या इस्पितळात छातीच्या धडधडीसाठी दाखवलं. तिथल्या तरुण डॉक्टरणीने सगळं विचारून घेतलं, रक्त तपासलं, आणि सांगितलं की गोळी तुम्हांला जास्त होतेय, कदाचित लागतच नसेल. महिनाभर बंद करून बघू. पहिलाच रिपोर्ट चुकीचा असेल, असं होतं कधीकधी. त्या दुपारी मंगल तो कागद घेऊन माझ्याकडे आली. माझी बायको तेव्हा होती, तिने चहा टाकला. मंगल स्टुलावर अंग चोरून बसली.

"मी त्या डॉक्टरणीला सांगितलं," ती म्हणाली, "रिपोर्ट चुकायचा नाही. आमच्या नानांनी स्वतःच्या हाताने केलेला."

मी तिच्या हातातल्या कागदावरचे आकडे बघत राहिलो.

"ती म्हणते, कुणाच्याही हातून होतं. खरंच होतं का हो नाना? तुम्ही सांगाल तसं करते. बंद करू?"

बघा, किती सोपं करून दिलं होतं तिने. मला काही कबूलसुद्धा करावं लागणार नव्हतं. "हो, होतं कधी कधी. बंद करून बघ." एवढंच म्हणायचं होतं. सहा-सात शब्द. लॅब सुटलेली, मॅडम कुठे ते माहीत नाही, रजिस्टर रद्दीत गेलं असेल. भ्यायला कुणी उरलंच नव्हतं. बायको चहाचे कप घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती — मंगल जशी बघत होती तशीच, भरवशाने.

मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाच्या हातून होत असेल. माझ्या हातून नाही."

मंगलने मान हलवली. तिला बरं वाटलं, मला दिसलं ते. कागदाची चौघडी करून तिने कनवटीला खोचली, चहा प्यायली, माझ्या बायकोशी पोळ्यांच्या पिठाबद्दल बोलली आणि गेली. त्या डॉक्टरणीकडे ती परत गेली नाही.

गोळी ती आजही घेते. मी हळदकुंकू लावायचं सोडलेलं नाही, घरच्या मिक्सरलाही लावतो, त्यात हळदीचा काही दोष नव्हता. मंगल समोरून जाताना पदर सावरून विचारते, "नाना, जेवलात का?" मी जेवलो म्हणतो.

हे सगळं तिला आधी सांगायचं होतं. ते मी केलेलं नाही. तिच्याआधी तुम्हांला सांगितलं.